थोरलीचं बीपी

११ जानेवारी

आज तळ्यात पाणी सोडलं. पंप सुरू झाला तेव्हा हे बांधावर उभे राहून हसत होते, स्वतःच्या लग्नातही इतके हसले नव्हते. मी मात्र बांधावर चढलेच नाही. ज्या जमिनीत काल-परवापर्यंत भात लावला, तिच्यात खाडीचं खारं पाणी आपल्याच हाताने सोडायचं म्हणजे जीव खालीवर होतोच. पण करणार काय? बाहेरदेशचा तांदूळ इथल्या दुकानात आमच्या तांदळाच्या वर मान काढून बसलाय आणि आमच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. कोळंबीसाठी मात्र समुद्रापलीकडची माणसं म्हणे ताटं मांडून बसली आहेत.

हे सगळं कुणाला तरी सांगायला हवं म्हणून ही वही. यांना सांगून उपयोग नाही. काळजी सांगितली तरी हे "हूं" म्हणतात आणि जेवायला या म्हटलं तरी "हूं" म्हणतात.

थोरली बघायला आली होती. थोरली म्हणजे माझी मोठी जाऊ. वयाने खरं तर मी मोठी, पण तिचा नवरा मोठा म्हणून मान तिचा. मी तिला ताई म्हणते, ती मला धाकटे म्हणते, आणि ऐकणारे गोंधळतात. वाटण्या झाल्या तेव्हा चुली वेगळ्या झाल्या, मनं नाही झाली. माझं तळं आणि तिचं घर यांच्या मध्ये फक्त तिचा रोपांचा मळा आणि तिची विहीर. टोमॅटो, मिरची, वांगी, कोबी, काय हवं ते रोप तिच्याकडे मिळतं. भाऊजी टेम्पोतून गावोगाव पोचवतात.

ती म्हणाली, "धाकटे, तळाला काही अंथरलं नाहीस का गं?"

अंथरायचं होतं. डॉक्टर म्हणाला होता जाड प्लास्टिक अंथरा. डॉक्टर म्हणजे कोळंबीचं खाद्य विकणारा माणूस, औषधंही तोच विकतो म्हणून सगळे त्याला डॉक्टर म्हणतात. पण प्लास्टिक यायला महिना लागणार होता, आणि तोवर हंगाम हातचा गेला असता. मीच म्हटलं राहू दे, आपली माती चिकण आहे, कुठे पाझरतेय. हे हूं म्हणाले.

१९ जानेवारी

बीज आलं. पाण्याने फुगवलेल्या पिशव्या, आणि आत पापणीच्या केसाएवढे जीव. दिसतच नाहीत. डॉक्टर म्हणाला, पिशवी आधी तळ्यात तरंगत ठेवा, पाण्याची सवय होऊ द्या, मग सोडा. सासरी आलेल्या पोरींसारखं, असं मी म्हटलं तर थोरली म्हणाली, "आपल्याला कुठे कोणी तरंगत ठेवलं होतं? थेट बुडवलं." दोघी बांधावर बसून पोट धरून हसलो.

सगळं घर आता त्या पिशव्यांवर. मेली तर?

६ फेब्रुवारी

झोप नाही. तळ्यात हवेची चाकं फिरतात, पाणी घुसळत राहतात, त्यांचा घरघर आवाज कानात बसलाय. आवाज आला तरी झोप लागत नाही आणि थांबला तर दचकून उठते. वीज गेली की चाकं थांबतात, चाकं थांबली की पाण्यातली हवा संपते, हवा संपली की संपलं.

दिवसातून चार वेळा तळ्यातली खाद्याची चाळण उपसून बघते, खाद्य खाल्लं का. खाल्लं नाही तर काळजी, सगळं खाल्लं तरी काळजी, की कमी पडलं असेल. पोरीला लहानपणी भरवलं तेव्हा इतकं लक्ष दिलं नव्हतं. ती आता शहरात नर्सिंग शिकते. फोनवर म्हणते, "आई, तू कोळंबीचंच बोलतेस." खरं आहे.

तळं खणलं तेव्हा आमचा हातपंप त्याखाली गेला. आता प्यायला-रांधायला कॅनचं पाणी. कॅनवाल्याची वाट बघणं हा एक नवा धंदा.

२१ फेब्रुवारी

दुपारी थोरलीकडे जेवले. बऱ्याच दिवसांनी. भात, भाजी, चटकदार सगळं. हिला मदत म्हणून शिजणाऱ्या भाजीत मीठ घालायला गेले तर बरणीच दिसेना. कायम चुलीच्या डाव्या हाताला असायची. शोधता शोधता पार वरच्या फळीवर सापडली, मागे ढकललेली. मी म्हटलं, "ताई, मीठ माळ्यावर टाकलंस का काय?" ती गडबडीने म्हणाली, "राहू दे, राहू दे, भाजीत आहे ते पुरे."

जेवल्यावर चहा केला, तोही बिनदुधाचा, लिंबू पिळून. हिला दुधाच्या चहाशिवाय चालत नव्हतं, मला माहीत आहे. साखर मात्र भरपूर. मी विचारलं तर म्हणाली, "दूध फाटतं हल्ली." म्हशीवाल्याला बदल म्हटलं. ती कप विसळायला उठली.

मनात पाल चुकचुकली. काहीतरी लपवते आहे ही.

२ मार्च

आता कळलं. रांधताना मीठ नाही, दूध बंद, आणि रोज सकाळी उठून पार रस्त्यापर्यंत चालत जाते. कॅनवाल्याने सांगितलं. येताना हातात कॅन असतात, पण तो बहाणा असणार, घरात एवढी विहीर असताना कॅन कशाला? ही लक्षणं काय मला कळत नाहीत? आमच्या आईचं हेच झालं होतं.

आज मळ्यात गाठलं तिला. म्हटलं, "ताई, खरं सांग, बीपी निघालंय ना?"

तिने हातातली वाटी खाली ठेवली. माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागे तळ्याकडे बघितलं. चाकं फिरत होती. मग म्हणाली, "हो गं. तसंच काहीतरी."

"आणि मला सांगायचं नाही?"

"तुला आधीच कमी घोर आहेत का?"

मला रडूच आलं. बाईच्या जातीने स्वतःचं दुखणं कायम शेवटी सांगायचं, हे कुठे लिहून ठेवलंय कोण जाणे. तिला चांगली दमात घेतली. आता मी बघते तिच्याकडे.

९ मार्च

तिच्यासाठी भाजी करून नेली. बिलकूल मीठ नाही, तेलही नावाला. समोर बसून खायला लावली. पहिला घास घेतला आणि हिचं तोंड असं झालं, की मला हसू आवरेना. हळूच उठली आणि वरच्या फळीवरची बरणी काढू लागली. मी झडप घालून काढून घेतली.

म्हटलं, "चोरून मीठ खातेस? लाज नाही वाटत? पोराटोरांसारखं?"

भाऊजी दारात उभे होते. ते काहीतरी बोलणार होते. थोरलीने त्यांच्याकडे बघितलं आणि ते टेम्पोकडे निघून गेले. तेही काळजीत दिसतात, बोलत नाहीत. भाऊ भाऊच शेवटी, यांच्याहून थोडे बरे, निदान हूं तरी म्हणत नाहीत.

मीठ मी घरी घेऊन आले. तिच्या घरात ठेवायचंच नाही. तिने संपूर्ण भाजी तशीच खाल्ली. मला वाटतं माझं ऐकते ती.

२६ मार्च

कोळंबी बोटाएवढी झाली. डॉक्टर म्हणाला नशीबवान आहात, आजूबाजूच्या तळ्यांत पांढऱ्या डागांचा रोग आलाय, तुमच्याकडे नाही. "आलाय" ऐकलं आणि "नाही" ऐकायच्या आधीच मी चाळण उपसायला धावले.

थोरलीची रोपं मात्र बरी नाहीत. पानांच्या कडा करपल्यात, विस्तव लावल्यासारख्या. टोमॅटोची तर निम्मी खाली बसली. आजारी माणसाच्या हातून होतं असं. पहिल्यासारखं लक्ष राहत नाही, जीव थकतो. मी डॉक्टरला म्हटलं एकदा मळ्यात नजर टाका. तो गेला, विहिरीजवळ थोडा वेळ उभा राहिला, परत आला आणि म्हणाला, "मी कोळंबीचा डॉक्टर, वहिनी, मिरचीचं मला कळत नाही." आणि लगेच मोटारसायकलला किक मारली. चहासुद्धा घेतला नाही. एरवी दोन कप घेतो.

१२ एप्रिल

काय ऐकते आहे मी हे.

भाऊजी आणि थोरली बाहेरदेशी जाणार. कारखान्यात. कोणी दलाल जोडप्यांना नेतो आहे, दोघांनाही काम, राहायला खोली. मी विचारलं काम कसलं, तर थोरली खाली बघून म्हणाली, "कोळंबी सोलायची."

मी म्हटलं, "अगं मग माझी सोल की. त्यासाठी समुद्र कशाला ओलांडायला हवा?"

ती हसली नाही. म्हणाली, "तुझी गोठवून तिकडेच येते, धाकटे. तिथे सोलायची."

मी म्हटलं या वयात? बीपी असताना? थंडगार कारखान्यात दिवसभर उभं राहायचं? ती म्हणाली, "हवापालट होईल." अशी ठरवून ठेवलेली उत्तरं देते हल्ली. मळ्याचं काय, तर म्हणे रोपं धरत नाहीत आता. अगं, नाही धरली एका वर्षी, म्हणून काय देश सोडतं का कोणी?

यांना सांगितलं. यांनी आज हूं केलं नाही. नुसते तळ्याकडे बघत बसले. मला आणखीच भीती वाटली.

ती गेली तर मी कोणाशी बोलू? हे मी तिला सांगितलं नाही, इथे लिहिते. सबंध आयुष्यात माझी जी काही माणसं झाली त्यात एक पोर आणि एक ही. सख्खी बहीण असती तरी इतकी भांडले नसते. जाऊ नये तिने.

२८ एप्रिल

आज मेलोच होतो.

दुपारपासून आभाळ दाटलेलं, वारा पडलेला. अशा वेळी पाण्यात हवा कमी असते, डॉक्टरने घोकून घेतलंय आमच्याकडून. आणि नेमकी वीज गेली. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच. चाकं थांबली. हे जनरेटर आणायला धावले. मी बांधावर उभी, आणि बघते तर कोळंबी वर येऊ लागली. काठाला, झुंडीने, तोंडं पाण्याबाहेर काढून. माझं डोकंच चालेना.

मागून थोरली धावत आली. कुणी हाक मारली नव्हती तिला. हातात दोन फळ्या, रोपांच्या वाफ्यांच्या कडेला लावतात त्या. एक माझ्याकडे फेकली आणि स्वतः लुगडं खोचून कमरेपर्यंत तळ्यात उतरली. "बडव पाणी," म्हणाली. "बघतेस काय, बडव."

बडवलं. हात तुटेस्तोवर बडवलं दोघींनी. मध्येच मी ओरडत होते, ताई बस गं, बीपी वाढेल, चक्कर येईल. ती दात ओठ खाऊन फळी आपटत होती. इतक्या त्वेषाने, की मला वाटलं पाण्यावर हिचा काहीतरी राग आहे. एकदा फळी आपटता आपटता रडतही होती, पण पाणी उडत होतं सगळीकडे, मला भास झाला असेल.

जनरेटर आला. चाकं फिरली. कोळंबी खाली गेली. काठाला थोडी मेली, टोपलीभर. बाकी सगळी वाचली.

दोघी बांधावर आडव्या पडलो. ती म्हणाली, "वाचली गं तुझी." मी तिचे पाय दाबले. आधी नको नको म्हणाली, मग पाय लांब करून पडून राहिली. एवढा जीव लावणारी बाई मला सोडून कशी जाईल? जाणार नाही. मी तिला जाऊ देणार नाही.

९ मे

कोळंबी विकत घेणाऱ्या कंपनीचा साहेब आला होता. माल उचलायच्या आधी तळं बघतात. शिकलेला, पण साधा माणूस, चपला काढून बांधावर चढला. पाण्याचा खारेपणा मोजायची त्याची एक नळी असते, लहानशा दुर्बिणीसारखी. काचेवर पाण्याचा थेंब टाकायचा आणि उजेडाकडे धरून डोळा लावायचा. आत रेघ दिसते. आधी गोड्या पाण्याचा थेंब टाकून रेघ शून्यावर येते का ते बघायचं, मग तळ्याचं पाणी.

त्याने मला म्हटलं, "बाई, पेलाभर गोडं पाणी द्या."

घरात कॅन रिकामा. कॅनवाला दोन दिवस आला नव्हता. मी म्हटलं, त्यात काय, काखेत कळसा आणि गावाला वळसा कशाला? पळत थोरलीच्या विहिरीवर गेले, पोहरा टाकला, पेला भरून आणला.

त्याने थेंब टाकला, डोळा लावला. म्हणाला, "हे नको. तळ्याचं नंतर. गोडं पाणी द्या."

मी म्हटलं, "गोडंच आहे. विहिरीचं."

त्याने काच पुसली, पुन्हा थेंब टाकला. नळी माझ्या हातात दिली. "बघा. शून्यावर हवी. तीनवर आहे."

मी म्हटलं तुमची नळी बिघडलीय. चांगल्या आवाजात म्हटलं. तो रागावला नाही. पिशवीतून स्वतःची पाण्याची बाटली काढली, तिच्यातला थेंब टाकला, मला दाखवला. रेघ शून्यावर.

मग तळ्याचं बघितलं. म्हणाला, "उत्तम आहे. पुढच्या आठवड्यात माल उचलू."

हे माझ्या बाजूलाच उभे होते. त्यांनी पेल्यातलं उरलेलं पाणी ओतून दिलं. माझ्याकडे बघितलं नाही. मला तेव्हा कळलं, की यांना माहीत आहे. भाऊजींना माहीत आहे. डॉक्टरला तर मार्चपासूनच माहीत आहे. कॅनवाल्यालाही माहीत असणार.

भाजी विहिरीच्या पाण्यात शिजते. वेगळं मीठ कशाला घालेल ती?

आणि मी तिची बरणी उचलून आणली. अळणी भाजी समोर बसून खायला घातली. शहाणपणा शिकवला. मेल्याहून मेल्यासारखं झालंय मला.

१३ मे

तिच्याकडे गेले नाही. काल ती कुंपणापाशी उभी होती, मी आत निघून गेले.

खरं लिहायचं म्हणून ही वही घेतली, तर खरं लिहिते. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की आता तिने गावात कुणाला सांगितलं आणि कुणी येऊन तळं फोडलं तर? माल उचलायचा राहिलाय. तिची विहीर त्यानंतर आठवली. असं आहे माझं मन.

१७ मे

माल गेला. जाळी ओढली, बर्फात भरला, गाड्या गेल्या. वजन चांगलं भरलं. भाव मात्र पडला, दुसऱ्या कुठल्याशा देशात कोळंबी उदंड आली म्हणून. तिथेही अशीच कोणी बाई चाळणी उपसत बसली असेल. तिला माझं नाव माहीत नाही आणि मला तिचं नाही, आणि आम्ही एकमेकींचा भाव पाडतो.

हे म्हणाले, "निभावलं." मी हूं म्हटलं.

१८ मे

आज गेले. बरणी घेऊन गेले. ती सामान बांधत होती. मी बरणी चुलीपाशी ठेवली आणि तिथेच बसले. ती बघत राहिली, मग म्हणाली, "कोणी सांगितलं?"

"नळीने."

तिला कळलं नाही, मग मी सांगितलं सगळं. ती म्हणाली, "मग बीपी बरं झालं म्हणायचं माझं." मला हसायचं होतं पण रडूच आलं. मी विचारलं, कधीपासून? म्हणाली, तळं भरल्यावर महिन्याच्या आत. आधी चहा फाटायला लागला, मग साबणाला फेस येईना, मग रोपं.

"मला बोलली का नाहीस? शिव्या का नाही घातल्यास?"

"बोलले असते तर तळं सोडलं असतंस?"

"हो," मी म्हटलं. लगेच म्हटलं.

ती दोरी बांधत राहिली. मला माझाच हो ऐकू येत राहिला. मग मी म्हटलं, "पीक निघाल्यावर सोडलं असतं."

"तेच ना," ती म्हणाली. "मीही पीक निघाल्यावरच बोलणार होते. आधी बोलून तुझंही बुडालं असतं आणि माझी विहीर काही गोडी झाली नसती. दोघी बुडण्यापेक्षा एक बरी." मग जरा थांबून म्हणाली, "राग नाही आला असं समजू नकोस. त्या दिवशी तू मीठ उचलून नेलंस ना, तेव्हा वाटलं होतं ती भाजी तुझ्या डोक्यावर ओतावी."

"ओतायची होतीस."

"तुझी माया दिसत होती गं. मायेला काय करणार?"

मी म्हटलं, जाऊ नकोस. आता तळं भरत नाही पुन्हा. पडीक ठेवते. विहीर उपसू, दोन-चार पावसाळे गेले की होईल गोडी. ती म्हणाली, "आणि तोवर काय खाऊ?"

मी दोरीचं दुसरं टोक धरून दिलं.

२३ मे

काल डॉक्टर आला. दुसऱ्या पिकाचं बीज हवं का विचारायला. मी म्हटलं नको. तो म्हणाला, "वहिनी, तुमच्या जमिनीत आता दुसरं काही येणार आहे का?" तेही खरं. खाऱ्या जमिनीत भात कसला धरतोय.

मग तो थोरलीच्या मळ्याकडे बोट करून म्हणाला, "तोही आता त्याच कामाचा." मी त्याला बांधावरून हाकलून दिलं. चहा बंद केलाय मी त्याचा.

आज थोरली स्वतःच आली. उंबऱ्यावर बसली. म्हणाली, "धाकटे, मळा तू घे. तळं कर. पिकातला वाटा आम्हाला दे."

मी कानावर हात ठेवले. म्हटलं, तुझ्या मळ्यात खारं पाणी मी सोडणार नाही. एकदा नकळत झालं, आता समजून-उमजून? माझ्या हातून होणार नाही ते.

ती पहिल्यांदा चिडली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. "तुझं मन स्वच्छ राहावं म्हणून माझी जमीन ओसाड ठेवू का?" म्हणाली. "तू नाही घेतलीस तर डॉक्टरने गिऱ्हाईक आणलंय. मी त्याच्या हातात ठेवू? तो माझा वाटा देईल? तिकडे पहिलं वर्ष दलालाच्याच घशात जाणार आहे. इकडून काही आलं नाही तर आम्ही कशावर राहायचं?"

हे आतून आले. आयुष्यात पहिल्यांदा हे एक अख्खं वाक्य बोलले. म्हणाले, "आपणच घ्यावं. निदान या वेळी प्लास्टिक अंथरू."

थोरली म्हणाली, "अंथरा बाई. मळ्याच्या पलीकडे शिंपिणीची विहीर आहे."

मी हो म्हटलं.

४ जून

गेली.

गाडीत बसताना मला म्हणाली, "चाकांकडे लक्ष ठेव." भाऊजींनी टेम्पो विकला, तो घेणारा ओळखीचाच माणूस त्यातून त्यांना नाक्यापर्यंत सोडायला आला होता.

११ जून

मळ्यात मशीन आली. मी घरात दार लावून बसले. आवाज यायचा तो आलाच.

२० जुलै

प्लास्टिक अंथरलं, पाणी सोडलं, बीज सोडलं. दोन तळी, दुप्पट चाकं. शिंपिणीच्या विहिरीचं पाणी मी दर आठवड्याला चाखते. ती विचारते, बाई, सारखं काय चाखता? मी म्हणते, तुमचं पाणी फार गोड आहे. अजून तरी आहे.

३ ऑगस्ट

आज थोरलीचा फोन आला. दुपारी, त्यांच्या जेवणाच्या सुट्टीत. आवाज बसलेला. हॉल बर्फासारखा थंड असतो म्हणे, दोन-दोन हातमोजे घातले तरी बोटं बधिर होतात. शेजारी कोणत्या कोणत्या देशांच्या बाया, एकीचं बोलणं दुसरीला कळत नाही. सगळ्या हातांनी बोलतात, आणि हात तर कामात.

मी म्हटलं, "ताई, परत ये."

तिने ऐकलं नाही, की ऐकून सोडून दिलं. भराभरा विचारायला लागली. मळ्यातलं बीज धरलं का? चाळणीतलं खाद्य संपतं का? वीज जाते का? जनरेटरमध्ये तेल भरून ठेवतेस ना? पांढरे डाग तर नाहीत ना कुठे आलेले? पुन्हा म्हणाली, वीज गेली तर फळी घेऊन लगेच उतर, वाट बघू नकोस. अगदी माझ्यासारखं बोलत होती, आणि सुट्टी संपायची घाई.

शेवटी म्हणाली, "मेली नाही ना गं एकपण?"

मी म्हटलं, नाही, सगळी जिवंत आहेत, तू जेवलीस का. तर फोन बंद झाला होता.

इतके दिवस मी वाट बघत होते, की एक ना एक दिवस ती मला पोटभर शिव्या घालेल आणि मी खाली मान घालून ऐकून घेईन, मग आमचं पूर्वीसारखं होईल. आज कळलं, ती आता नाही घालणार. तिचा वाटा माझ्या तळ्यात आहे. माझ्यावर रागवणं तिला आता परवडत नाही.